सुभद्राआजींच्या चार्टवरची नोंद

आधीच सांगते, या सदरातले निम्मे अनुभव मी ड्युटीवरून आल्यावर चहा पिताना वाचते आणि हसते. एसटीत शेजारी बसलेला म्हातारा अचानक नाहीसा झाला म्हणे... अहो, उतरला असेल मधल्या स्टॉपवर! माझा स्वभाव असा आहे, त्याला इलाज नाही.

आमच्या घरात तर हा विषयच नसतो. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्याबरोबर अंगारा, उतारा, गाऱ्हाणं सगळंच घराबाहेर गेलं. वडील मंडणगड तालुक्यात प्राथमिक शिक्षक. लहानपणी मला ताप आला की शेजारच्या काकू दृष्ट काढायला मीठ-मोहरी घेऊन यायच्या. वडील त्यांना चहा पाजायचे, मीठ-मोहरी स्वयंपाकघरात ठेवून घ्यायचे आणि मला तापाची गोळी द्यायचे. त्यात मी झाले नर्स. गेलेलं माणूस पुसून, गुंडाळून नातेवाइकांच्या ताब्यात देण्याचं काम मी कितीदा केलंय. तेव्हा वाईट वाटतं, भीती कधी वाटलेली नाही.

तरी हे लिहायला बसलेय, कारण गेली काही वर्षं एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. आणि ती रात्री स्मशानाजवळ वगैरे घडलेली नाही. सकाळी दहाला, लख्ख उजेडात, अठरा खाटांच्या वॉर्डात घडली.

तेव्हा मी रत्नागिरीत जीएनएम या नर्सिंगच्या कोर्सच्या दुसऱ्या वर्षाला होते. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कुणी ओळखू नये हाच हेतू आहे. बायकांचा मेडिकल वॉर्ड पहिल्या मजल्यावर. जिना चढून आलं की डावीकडे सिस्टरांचं टेबल, समोर दोन्ही बाजूंना नऊ-नऊ खाटा. खिडकीतून जांभ्या दगडाचं कंपाउंड आणि पलीकडे माडांचे शेंडे दिसायचे. महिना ऑक्टोबर. पाऊस नुकताच सरला होता आणि युनिफॉर्म सकाळी नऊलाच पाठीला चिकटायचा.

आता एक कबुली. ज्यांनी ज्यांनी नर्सिंग केलंय त्या इथे गालात हसतील. पेशंटचा ताप, नाडी आणि श्वास मोजून चार्टवर लिहायचं काम विद्यार्थिनींचं असतं. अठरा पेशंट, प्रत्येकीची नाडी पूर्ण एक मिनिट मोजायची म्हटलं तर किती वेळ जाईल बघा. म्हणून आम्ही काय करायचो? मनगट धरायचं, घड्याळाकडे बघितल्यासारखं करायचं आणि लिहायचं — बहात्तर. आमच्या बॅचमध्ये याला 'बहात्तरी' म्हणायचे. अख्खा वॉर्ड बहात्तरवर सुखाने चालायचा. एखादी फारच प्रामाणिक असली तर चौऱ्याहत्तर लिहायची. आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमना हे ठाऊक नसेल असं नाही, त्याही कधीतरी विद्यार्थिनी होत्या.

पण एका गोळीच्या बाबतीत त्या अजिबात ऐकून घ्यायच्या नाहीत. डिगॉक्सिन. हृदयाची गोळी. एवढीशी, पांढरी, खिशातून पडली तर सापडायची नाही. ती हृदयाचे ठोके जोरकस करते आणि त्यांचा वेग कमी करते. उपयोगी पडणारा डोस आणि विषारी डोस यात अंतर फार थोडं. औषध अंगात साठत गेलं तर ठोके इतके मंदावतात की माणूस हातचं जातं. म्हणून नियम असा — गोळी देण्याआधी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून ठोके पूर्ण एक मिनिट मोजायचे. साठच्या खाली असतील तर गोळी द्यायची नाही. कपात तशीच बाजूला ठेवायची आणि सिस्टरना सांगायचं. मॅडमनी हे आमच्याकडून शाळेतल्या पाढ्यासारखं पाठ करून घेतलं होतं.

आमच्या वॉर्डात त्या वेळी ही गोळी चालू असलेली एकच बाई होती. सुभद्राआजी. सत्तरीच्या, काटक, मंडणगड तालुक्यातल्याच, आमच्या गावापासून दोन डोंगर पलीकडच्या. मुलगा मुंबईत कामाला, इथे सोबतीला सून. मी त्यांच्या बाजूची आहे कळल्यावर त्यांनी मला जणू दत्तकच घेतलं. सुनेने आणलेल्या पेजेतली निम्मी मला देऊ करायच्या. "खा गो बाय, हाडं वर आलीत तुझी." मी ड्युटीवर खात नाही म्हटलं की रुसायच्या. मला त्यांचा फार लळा लागला होता. हे मुद्दाम लिहितेय, कारण पुढे जे मी केलं ते मला त्यांची पर्वा नव्हती म्हणून केलं असं कुणाला वाटू नये. पर्वा होती आणि तरीही केलं, हे जास्त वाईट.

शेवटच्या तीन-चार दिवसांत त्यांचं जेवण कमी झालं होतं. मळमळतंय म्हणायच्या. एकदा मला म्हणाल्या, "बाय, ही भिंत हळद लावल्यासारखी दिसते गो मला." मी म्हटलं, "आजी, रंगच पिवळट आहे तिचा." आणि पुढच्या खाटेकडे गेले. औषधशास्त्राच्या माझ्या वहीत, डिगॉक्सिनच्या पानावर, माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं — मळमळ, अन्नावरची वासना जाणे, सगळं पिवळं दिसणे : औषध अंगात साठल्याची लक्षणं. परीक्षेत विचारलं असतं तर मी पाचपैकी पाच मार्क मिळवले असते.

त्या दिवशी स्टाफ कमी होता. वॉर्डात इन्चार्ज कदम सिस्टर, मी आणि माझी मैत्रीण श्रद्धा, बस्स. दहाच्या औषधांचा ट्रे माझ्याकडे होता. सुभद्राआजींच्या खाटेशी पोचले तेव्हा दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. मागून श्रद्धा हाका मारत होती, कारण आम्हा दोघींना खाली सीएसएसडीत जायचं होतं. वॉर्डाची अवजारं, कापूस, बँडेज जिथे निर्जंतुक करून लोखंडी ड्रममध्ये भरून देतात ना, तो विभाग. उशीर झाला की तिथला माणूस खिडकी लावून चहाला जायचा.

मी आजींचं मनगट धरलं. स्टेथोस्कोप गळ्यातच होता, तो काढलासुद्धा नाही. चार्टवर लिहिलं : बहात्तर. स्ट्रिपमधून गोळी कपात काढली, आजींच्या तळहातावर ओतली, पाण्याचा ग्लास दिला. त्यांनी गोळी तोंडात टाकली, गिळली, आणि मी रोज म्हणायचे म्हणून स्वतःहून आऽ करून जीभ दाखवली. गोळी नव्हती. मी वेळ लिहिली, सही केली आणि निघाले. हे मला आजही इतकं स्वच्छ आठवतं की ग्लासावर स्केच पेनने लिहिलेला खाट नंबरही सांगू शकते.

सीएसएसडीत रांग होती. आम्ही दोन ड्रम घेतले, रजिस्टरवर मी सही केली. एक ड्रम उचलताना त्याच्या कडीत माझं बोट चिमटलं, ते चोखत चोखत जिना चढले. वॉर्डात परत यायला पावणेअकरा तरी झाले असतील. मग बेड नंबर चारच्या बाईची सलाईन, एक डिस्चार्ज, एक नवीन अॅडमिशन. साडेअकराच्या सुमारास कदम सिस्टरनी हाक मारली.

मी गेले. त्यांच्यापुढे सुभद्राआजींचा चार्ट होता. पकडले गेले, असंच वाटलं.

"शाब्बास गो," सिस्टर म्हणाल्या. "माझ्या स्टाफला पण कधी कधी सुचत नाही. अठ्ठेचाळीस मोजलीस, गोळी थांबवलीस, कप बाजूला ठेवलास. डॉक्टरना फोन केलाय मी. गोळी बंद ठेवा म्हणाले, संध्याकाळी ईसीजी काढू. मॅडमना पण सांगणार आहे मी तुझं नाव."

मला वाटलं, चेष्टा करतायत. कदम सिस्टर तशा तिरकस बोलायच्या. मी चार्ट हातात घेतला.

बहात्तर कुठेही नव्हतं.

त्याच्या जागी अठ्ठेचाळीस लिहिलेलं. पुढे इंग्रजीत, की गोळी दिली नाही, सिस्टरना कळवलं. खाली माझी सही. वेळ दहा पस्तीस. अक्षर माझं. मी आठ काढताना दोन गोळे एकावर एक ठेवते, ही शाळेपासूनची खोड. तोही आठ तसाच होता. कागद बदललेला नव्हता, वर आदल्या दिवसांच्या नोंदी होत्या, वेगवेगळ्या मुलींच्या. खाडाखोड नाही, व्हाइटनर नाही. मी लिहिलेलं बहात्तर जणू कधी लिहिलंच गेलं नव्हतं.

आणि टेबलावर औषधाचा छोटा प्लास्टिकचा कप. त्यात ती एवढीशी पांढरी गोळी. कपाखाली आजींच्या नावाची चिठ्ठी.

"हे... मी तुम्हाला कधी सांगितलं?" माझ्या तोंडून निघालं.

"म्हणजे काय? मी फोनवर होते. तू समोर येऊन उभी राहिलीस, चार्ट दाखवलास, कप ठेवलास. मी बघते म्हणून हात केला तुला. एवढ्यात विसरलीस पण?"

मी "हो हो" म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? ट्रेमधली डिगॉक्सिनची स्ट्रिप काढून बघितली. सकाळी ट्रे ताब्यात घेताना तिच्यात सहा गोळ्या होत्या, तशी नोंद मीच केली होती. आता पाच होत्या आणि एक कपात. हिशेब चोख. पण माझ्या आठवणीप्रमाणे एक गोळी आजींच्या पोटात होती, आणि ती या सहांपैकी असूच शकत नव्हती.

खरं सांगू? पहिल्यांदा जे वाटलं ते म्हणजे सुटका. भीती नंतर आली. आधी मनात आलं की बरं झालं, कसं का असेना, वाचले. मग मी स्वतःला समजावलं की मीच विसरले असेन. गोळी दिल्याची आठवण कालची असेल. सलग सहा दिवस ड्युटी झाली होती, डोकं ठिकाणावर नसेल. मी मोजलं असेल, अठ्ठेचाळीस आलं असेल, मीच थांबवलं असेल. मी हुशार असेन! माणूस स्वतःला किती पटकन पटवतो हो.

पण चिमटलेलं बोट ठणकत होतं. दहा पस्तीसला मी खाली होते.

पावणेएकला मी आजींच्या खाटेशी गेले. या वेळी स्टेथोस्कोप छातीवर ठेवला आणि घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजलं. एक ठोका... आणि मग वाट बघायची. वाटायचं, आता येतच नाही. मग पुढचा यायचा. चव्वेचाळीस भरले. आजी अर्धवट झोपेत होत्या, ओठ सुकलेले.

डिगॉक्सिन तोंडाने दिलं की त्याचा पूर्ण जोर दोन ते सहा तासांत दिसतो. हेही वहीत होतं. दहा वाजून दहा मिनिटांनी दिली असेल, तर वेळ आता सुरू झाली होती. डॉक्टर आणि सिस्टर निर्धास्त होते, कारण त्यांच्या लेखी गोळी दिलेलीच नव्हती. पुढची नाडी संध्याकाळी सहाला लिहायची होती. म्हणजे गोळी आजींच्या पोटात आहे हे जगात एकट्या मला माहीत होतं, आणि माझ्याकडेसुद्धा आठवणीशिवाय पुरावा नव्हता.

मी कदम सिस्टरांकडे गेले.

"सिस्टर, मी गोळी दिली."

"कुठली?"

"सुभद्राआजींना डिगॉक्सिन. दहा वाजून दहा मिनिटांनी. नाडी मोजली नव्हती. बहात्तर लिहिलं होतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग चार्टकडे, मग कपाकडे. "अगो, काय बोलतेस तू? गोळी ही इथे आहे."

"ती कुठून आली मला माहीत नाही. ती नोंद मी केलेली नाही. मी सीएसएसडीत होते."

त्या उठल्या आणि सरळ आजींच्या खाटेशी गेल्या. मी मागून. "आजी," त्यांनी विचारलं, "सकाळी ही मुलगी तुम्हाला छोटी पांढरी गोळी देऊन गेली का?"

आजींनी डोळे उघडले. आधी सिस्टरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. बराच वेळ माझ्याकडे बघितलं.

"नाय," म्हणाल्या. "आज नाय दिली."

मला तिथेच रडू फुटलं. वाटलं, मला वेड लागलंय. चार्ट, कप, स्ट्रिप आणि आता स्वतः पेशंट, सगळे एका बाजूला आणि मी एकटी दुसऱ्या बाजूला. सोडून दे, असंच कुणीही म्हणालं असतं. सिस्टर मला बाजूला घेऊन गेल्या.

"हे बघ, सगळं सांगतंय की गोळी दिलेली नाही. तू एकटी म्हणतेस दिली. उद्या तुझ्यावर कारवाई होईल, ठाऊक आहे ना? मग का म्हणतेस?"

"कारण मी दिली, सिस्टर."

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "मग दिली असंच धरायचं. आपली मान अडकवायला कोणी खोटं बोलत नाही." आणि फोनकडे वळल्या. त्या बाईंचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

पुढचं भराभर झालं. डॉक्टर आले, ताबडतोब ईसीजी काढला, पोटॅशियमसाठी रक्त पाठवलं. पोटातली गोळी आणखी अंगात भिनू नये म्हणून कोळशाची काळी पावडर पाण्यात कालवून आजींना पाजली. सून घाबरून ओरडायला लागली, तिला सिस्टरनी सांभाळलं. दीड वाजता आजींना आयसीयूत हलवलं आणि मॉनिटर लावला. दोन वाजून वीस मिनिटांनी त्यांचे ठोके चौतीसवर आले. मी काचेबाहेर उभी होते. आतली सिस्टर धावली, ठोके वाढवणारं अॅट्रोपिन दिलं, डॉक्टर मॉनिटरसमोरून हलले नाहीत. संध्याकाळपर्यंत ठोके पन्नासच्या वर गेले आणि तिसऱ्या दिवशी आजी पेज मागायला लागल्या.

वॉर्डातच असत्या तर दुपारच्या जेवणानंतर झोपल्यात असं समजून कुणी उठवलंही नसतं, असं डॉक्टर म्हणाले. रक्तातलं डिगॉक्सिन तपासायला बाहेरगावी पाठवलं होतं. ते खूप जास्त आलं. पण त्यावरूनही त्या दिवशीची गोळी पोटात गेली होती की आधीचंच साठलं होतं, हे नक्की सांगता येणार नाही म्हणाले.

माझ्यावर व्हायची ती कारवाई झाली. महिनाभर मला वॉर्डात यायला बंदी, लेखी माफी आणि पालकांना बोलावणं. वडील पहाटेच्या एसटीने आले. मॅडमना केबिनमध्ये भेटले. बाहेर आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं, चार्ट, कप, आठाचे दोन गोळे, सगळं. ते ऐकत राहिले.

"गोळी कपात परत कशी आली ते मला कळत नाही," म्हणाले. "पण तुझ्याकडे त्या बाईसाठी एक मिनिट नव्हतं, हे त्याहून कळत नाही मला." आणि एसटी स्टँडकडे चालायला लागले. असं मला आयुष्यात कधी लागलं नव्हतं.

श्रद्धाला मात्र शंकाच नव्हती. ती रत्नागिरीजवळच्या भाट्याची. त्यांच्याकडे घराला, माडाच्या वाडीला, होडीलासुद्धा राखणदार असतो. "कोणीतरी राखणारं आहे तुझं," म्हणाली. "तुझी चूक निस्तरून गेलं. तू मेली शहाणी, स्वतःच जाऊन बोंब मारलीस." आम्ही दोघी सीएसएसडीत जाऊन रजिस्टर बघून आलो. माझी सही होती आणि वेळ होती दहा पस्तीस. तो आकडा तिथल्या माणसाने स्वतःच्या हाताने टाकलेला. शेजारी श्रद्धाची सही.

राखणदाराची कल्पना मला तेव्हा, खोटं कशाला बोलू, जराशी आवडली होती. आजोबांनी ऐकलं असतं तर काठी घेतली असती. पण एकवीस वर्षांची घाबरलेली मुलगी होते मी. कोणीतरी आपल्या पाठीशी आहे म्हटलं की बरं वाटायचं.

दहाव्या दिवशी आजींना घरी सोडणार होते. मला वॉर्डात जायची परवानगी नव्हती, तरी कदम सिस्टरनी दहा मिनिटांसाठी सोडलं. सून खाली रिक्षा बघायला गेली होती. आजी नऊवारी नेसून, पिशवी मांडीवर घेऊन खाटेवर बसल्या होत्या. मी पाया पडले आणि माफी मागितली.

"माफी कसली गो," त्या म्हणाल्या. "पण तू तरी कशी? आधी सांगतेस कुणाला बोलू नको, नि मंग आपणच गावभर सांगत सुटतेस. मी डाक्टरणीला खोटं बोललंय तुझ्यासाठी."

कदम सिस्टरना त्या डाक्टरीण समजत होत्या. मला पुढचं आधी समजलंच नाही. "मी काय सांगितलं होतं, आजी?"

"गोळी दिलीस नि पळालीस. मंग जराशान परत आलीस. छातीला ती नळी लावलीस नि ऐकत बसलीस, कितीतरी वेळ. मंग कागदावर लिवलंस. नि वाकून माझ्या कानात बोललीस, आजी, मी तुम्हाला गोळी दिली असं कुणाला सांगू नका हां. मी म्हटलं, आपल्या बाजूची पोर, तिचं शिक्षण बुडायचं. म्हणून नाय म्हटलं."

"आजी, नीट आठवा. ती मीच होते?"

त्यांनी माझा हात हातात घेतला, उलटसुलट करून बघितला. "तूच. दुसरी कोण? फकस्त..." त्यांनी माझा हात सोडला. "पयल्यांदा आलीस तवा घामाघूम व्हतीस, घाईत व्हतीस. मागाहून आलीस तवा तुला काय घाई नव्हती."

तेवढ्यात सून आली, रिक्षा थांबलीय म्हणाली, आणि त्या गेल्या. पुढे दोन वर्षांनी त्या वारल्या, गावी, झोपेत. वडिलांनी फोन करून कळवलं.

आज मी दुसऱ्या शहरात स्टाफ नर्स आहे. हाताखालच्या विद्यार्थिनींना नाडी पूर्ण मिनिट मोजायला लावते, त्या मागून मला नावं ठेवतात. ठेवू देत. त्या दिवसाबद्दल जेवढे तर्क करता येतील तेवढे करून झालेत. माझं अक्षर कुणीतरी काढलं? मग सिस्टरांसमोर कोण उभं होतं? मला भ्रम झाला? मग रजिस्टरवर सही कुणाची? आजींना भास झाला? मग त्यांनी सिस्टरना 'नाय' का सांगितलं? एक गाठ सोडवायला गेलं की दुसरी पक्की होते. राखणदारावरचा माझा विश्वास तर त्या खाटेशीच संपला. जे कुणी आलं होतं ते माझी राखण करायला आलं असेल, कबूल. पण त्याच्या मनासारखं झालं असतं तर माझ्या अंगाला ओरखडाही आला नसता, आणि आजी त्या दुपारी झोपेतच गेल्या असत्या.

आता शेवटचं. हे आजवर वडिलांनाही सांगितलेलं नाही. सिस्टरनी शाबासकी दिल्यापासून मी कबूल करेपर्यंत सव्वा-दीड तास गेला. वर तो मी चार ओळींत उरकलाय. त्यातला बराच वेळ मी चादरी ठेवायच्या खोलीत दार लोटून उभी होते. तिथे मी एक बेत केला होता. चार्ट तर माझ्या बाजूने होता, सिस्टर खूश होत्या, उलटं सांगू शकेल असं एकच माणूस उरलं होतं. त्यांना आपला लळा आहे, त्या ऐकतील. जाऊन कानात एवढंच म्हणायचं... आणि मी शब्द जुळवले, दोनदा मनात म्हणून बघितले. आजी, मी तुम्हाला गोळी दिली असं कुणाला सांगू नका हां. मग बाहेर आले, त्यांच्या खाटेच्या दिशेने चार पावलं गेले. त्या झोपलेल्या दिसल्या आणि मला माझीच शिसारी आली, म्हणून परत फिरले. ते वाक्य माझ्या तोंडून कधीच निघालं नाही. 'हां'सकट माझं होतं, पण निघालं नाही.

मी ते मनात जुळवलं तेव्हा बारा वाजून गेले होते. आजींच्या कानात ते साडेदहालाच सांगून झालं होतं.